पिशवी जरा बघा

"जरा पिशवी बघा हं, आलोच."

माझ्या सगळ्या नोकरीत हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. नाव म्हणाल तर स्टँडवर मला ते नव्हतंच. आधी पेणला आणि नंतर रोह्याला मी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. लोकांच्या तोंडी नुसता 'कंट्रोलर'. हुद्दा ऐकून कुणाला वाटेल, हा माणूस वाहतुकीचं नियंत्रण करत असेल. छे. चौकशीच्या खिडकीमागे बसायचं, आलेल्या-गेलेल्या लाल डब्यांची नोंद ठेवायची, गाडी फलाटाला लागली की माइकवरून पुकारायची आणि लागली नाही तर जणू ती मीच घरी नेऊन बांधून ठेवलीय अशा शिव्या खायच्या. वडखळ नाक्यावर वाहतूक तुंबली की पेणच्या स्टँडवर माझा उद्धार व्हायचा, आणि वडखळला वाहतूक तुंबली नाही असा दिवस मला तरी आठवत नाही.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "स्टँडवरच्या गमतीजमती लिहा." गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की डोळ्यांसमोर येते ती निळ्या पट्ट्यांची एक पिशवी आणि ती मांडीवर घेऊन बसलेली हौसाकाकी. म्हणून गमतीपासून सुरुवात करतो आणि जमेल तसा तिच्यापर्यंत पोहोचतो.

स्टँड ही ठगांची आवडती जागा. तिथे शेजारी बसलेला माणूस कोण हे कुणालाच ठाऊक नसतं, सगळ्यांना घाई असते आणि प्रत्येकाजवळ घरून निघताना जपून घेतलेलं काहीतरी असतं. पेणला एक टोपीवाले गृहस्थ रोज उभे असायचे. स्वच्छ पांढरा सदरा, काखेत छत्री, चेहरा असा की बघणाऱ्याला आपले सासरे आठवावेत. "पाकीट मारलं हो कुणीतरी. मुरूडला जायचंय. भाड्यापुरतं मिळालं तर..." लोक द्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाकीट मारलेलं, पुन्हा मुरूड. एकदा मी आमच्या ठाकूर कंडक्टरला सांगितलं, "यांना पुढच्या सीटवर बसव, तिकीट माझ्याकडून, आणि मुरूड येईपर्यंत खाली उतरू देऊ नकोस." ठाकूर हौशी माणूस. त्याने म्हाताऱ्याला अगदी हाताला धरून गाडीत चढवलं. दोन दिवसांनी गृहस्थ खिडकीशी हजर. "साहेब, तुमच्या माणुसकीपायी माझा धंदा बुडाला. मुरूडला माझ्या वळखीचं कुत्रंसुद्धा नाय!" त्यानंतर ते फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहायचे आणि मी दिसलो की अदबीने टोपी सारखी करायचे. मीही हात वर करायचो.

असल्या लोकांना ओळखायची माझी एक खूण होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. 'रोह्याला जायचंय' म्हणेल तो आपला, 'रोहाला जायचंय' म्हणेल तो बाहेरचा. दिवसभर गावांची नावं ऐकून कान तयार झालेला. दागिने चमकवून देतो म्हणत बायकांच्या घोळक्यात शिरलेला एक जण "मी इथलाच, रोहाचा" म्हणाला आणि मी तिथल्या तिथे त्याला चौकीवर पोहोचवला. त्याच्याकडच्या पाण्यात दागिना बुडवला की वर येताना चकचकीत, पण वजनाला हलका. सोन्याचा अंश पाण्यातच राहायचा. त्या दिवसापासून मी स्वतःला मोठा पारखी समजू लागलो होतो.

हौसाकाकीला फसवणारा माणूस मात्र 'रोह्याला'च म्हणत होता.

काकी खांब गावची. घरची भातशेती, भात निघालं की वाल. मुलगा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. घरात सून, सुरेखा. लेक वाटेवरच्या गडब गावी दिलेली. मोबाइल यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. सुरेखाच्या गळ्यात एक बोरमाळ होती, तिच्या आईने लग्नात घातलेली. आई पुढे वर्षभरात गेली, त्यामुळे त्या माळेत सोन्यापेक्षा जास्त काही होतं. दोरा जीर्ण होऊन माळ तुटली, तेव्हा काकी म्हणाली, "दे गो, मी पेणला जाऊन गाठवून आणते. वाटेत लेकीलाही बघते." मणी रुमालात बांधून ती निघाली, रात्री गडबला लेकीकडे राहिली आणि सकाळी पेणला माळा गाठवणाऱ्या पटवेकऱ्याच्या दुकानी गेली. दुकान बंद. मग परत स्टँडवर.

हे सगळं मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर एक बाई आणि चाळिशीचा एक माणूस भजी खात गप्पा मारतायत. त्याने मघाशी मला विचारलंही होतं, "मावशीला खांबला जायचंय, मला रोह्याला. गाडी कितीला हाय?" अगदी आपल्या बोलीत, आपल्या हेलात. मावशी-भाचा असतील असं मी धरून चाललो आणि आपल्या कामाला लागलो.

त्या दोघांत घडलं ते असं. आधी त्याने तिला काहीच मागितलं नाही. उलट स्वतःची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "मावशी, जरा पिशवी बघा, गाडीचं विचारून येतो." परत आला, तिच्यादेखत पिशवी उघडली, वर कागदात गुंडाळलेलं नवंकोरं लुगडं आणि पेढ्यांचा बॉक्स. "बहिणीकडं बारसं हाय," म्हणाला. पुन्हा पिशवी तिच्याकडे देऊन गेला आणि चहा-भजी घेऊन आला. एवढ्यात दोघांचं नातं जुळलं होतं. जो आपल्या हाती स्वतःची वस्तू निर्धास्त सोडून जातो, त्याच्याबद्दल मनात संशय आणायचा कसा? असल्या बोलण्यात पेणला कशाला आलीस हे निघतंच. काकीने माळेचं सांगितलं.

"अगो मावशी, दुकान बंद असलं तरी माणूस घरी असतो की! मागच्याच गल्लीत राहतो, माझा दोस्त हाय. आत्ता गाठवून आणतो. तू कशाला उन्हात येतेस? आणि माझी पिशवी हायच ना तुझ्याजवळ?" वर हळूच म्हणाला, "कुणाला बोलू नको मात्र. सुट्टीच्या दिवशी काम करतो असं कळलं तर सगळी गिऱ्हाइकं त्याच्या घरी जातील."

काकीने रुमाल दिला.

मी महाडची गाडी पुकारली. काकी उठली नाही. माणगावची पुकारली. श्रीवर्धनची पुकारली. खांबला थांबणाऱ्या गाड्या एकेक करून गेल्या. बाकावरचं ऊन सरकत सरकत तिच्या पायापर्यंत आलं, तरी ती पिशवी छातीशी धरून बसलेलीच. शेवटी मी बाहेर आलो.

"काकी, खांबला जायचं ना? गाड्या गेल्या तुमच्या."

"जाऊ दे रे. त्याची पिशवी हाय माझ्याजवळ. तो येल आणि मी नसले तर? बहिणीचं लुगडं हाय त्यात."

कोण तो, कुठे गेला, काय घेऊन गेला हे मी विचारलं. तिने सांगितलं आणि मला काय ते कळलं. तिला अजून काही कळलेलं नव्हतं. तिला काळजी होती ती त्याच्या लुगड्याची. मी म्हटलं, पिशवी उघडून बघू. तर ही माझ्या अंगावर आली. "परक्याची पिशवी उघडायची नाय!" कँटीनवाल्याला बोलावलं, दोघांनी मिळून समजावलं, तेव्हा कुठे तिने हात सैल केले. वरच्या कागदात जुन्या पडद्याचा तुकडा होता, नव्या कापडाची फक्त एक पट्टी दर्शनी भागी दुमडलेली. पेढ्यांच्या बॉक्समध्ये वाळू. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली रस्त्याची खडी.

 काकीने ते सगळं जसं होतं तसं पुन्हा पिशवीत भरलं, कागदाच्या घड्यासुद्धा नीट घालून. रडली नाही. म्हणाली, "माळ गेली ती गेली रे. पण काल मी लेकीकडं व्हते. आता सून काय समजंल?"

ज्याला आपल्याकडची घरं माहीत आहेत त्याला याहून जास्त सांगायला नको. सासूने सुनेच्या माहेरचा दागिना घेतला, लेकीच्या गावी मुक्काम केला आणि मोकळ्या हाताने परत आली. गावातल्या विहिरीवर याची गोष्ट कशी तयार होणार, हे मला त्या बाकासमोर उभ्या उभ्या ऐकू येत होतं. माळ परत येणार नव्हतीच. काकीचा शब्द घरात उरणार की नाही, एवढाच प्रश्न होता.

चौकीवर तक्रार दिली. हवालदार भला माणूस, त्याने बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "दिसायला कसा होता?" काकी म्हणाली, "आपल्यासारखाच." त्याने मान खाली घालून तेच लिहून घेतलं.

त्यानंतर खांबची गाडी लागली, पण काकी चढेना. "घरी जाऊन काय सांगू?" एवढंच म्हणत राहिली. माझी ड्युटी संपत आलीच होती, ती पुढच्या कंट्रोलरच्या हवाली केली आणि मी तिच्याबरोबर निघालो. पिशवीही तिने बरोबर घेतली. "पुरावा हाय," म्हणाली. खडीने भरलेली ती जड पिशवी सगळ्या वाटेत मांडीवर. गडबचा थांबा आला तेव्हा तिने पदर कपाळापर्यंत ओढला आणि खिडकीकडे पाठ केली. लेकीच्या गावातलं कुणी बघेल म्हणून. तिचं काही चुकलं नव्हतं, तरी पदर तिनेच ओढला, हे मला अजून सलतं.

सुरेखा पडवीत वाल सोलत बसली होती. सासूबरोबर परका माणूस बघून उठली. काकी पिशवी खाली ठेवून पडवीच्या खांबाला टेकून बसली. मी आपलं सरकारी आवाजात सुरू केलं, "त्याचं असं झालं की..."

"भाऊ, तुम्ही थांबा जरा," सुरेखा म्हणाली. "आई, तुम्ही सांगा."

काकीने सांगितलं. आवाज इतका खाली की मधे कोंबड्या ओरडल्या तर शब्द हरवत होते.  दारात शेजारची एक बाई येऊन उभी राहिली होती, कान इकडेच.

"माळ दिलीत आणि मग बसून राहिलात?" सुरेखाने विचारलं.

"व्हय."

"महाडची गाडी नाय आली?"

"आली की. सोडली."

"मंग?"

"माणगावची सोडली. मंग श्रीवर्धनची."

"त्या मेल्याच्या पिशवीसाठी?"

"परक्याची वस्तू व्हती गो. टाकून कशी येऊ?"

  सुरेखा दारातल्या बाईकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "ऐकलंस गो? हे खोटं कोण रचंल? रचायचं असतं तर जरा शहाण्यासारखं नसतं रचलं?" आणि मला म्हणाली, "भाऊ, गेल्या जत्रेत कुणा अनोळखी बाईचं पोर सांभाळत बसल्या. आम्ही सगळी गाडीत बसून घरी आलो, आणि ह्या तिथंच! आमच्या आई अशाच हायत."

काकी त्या वेळी पहिल्यांदा रडली. आणि मग सुरेखाही. तिची आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं होतं, आणि ते तिने लपवलं नाही. पण सासूच्या शेजारी बसून, तिच्या पाठीवर हात ठेवून रडली. मी चहा न घेताच निघणार होतो, पण शेजारच्या बाईनेच तो करून आणला.

माळ काही मिळाली नाही. ती पिशवी मात्र बरेच दिवस माझ्या डोक्यातून जाईना. माझी 'रोह्याला-रोहाला'ची ऐट तिने उतरवली. आपल्या बोलीत बोलणारा आपला असतोच असं नाही. मग मी दुसऱ्या खुणा शोधायला लागलो. बोलणारा कसा बोलतो ते सोडून दिलं, तो आपल्याला काय करायला लावतो ते बघू लागलो. तो आधी आपल्या मांडीवर काही ठेवतो का? लगेच कर, आत्ताच कर म्हणतो का? आणि सगळ्यात वाईट खूण म्हणजे 'कुणाला बोलू नको'. खऱ्या माणसाला चारचौघांची भीती नसते. काकीने रुमाल देण्याआधी नुसतं माझ्या खिडकीशी येऊन "याचा पटवेकरी दोस्त हाय म्हणं" एवढं म्हटलं असतं, तरी तो पळाला असता.

'कुणाला बोलू नको' हे वाक्य मी रोह्याला पुन्हा ऐकलं. तिकडच्या खाडीकाठच्या मुसलमान वस्त्यांतली कितीतरी मुलं आखातात असतात. अशाच एका गावचा एक पोरगा पेटी घेऊन मुंबईच्या गाडीत बसला. दुबईला निघालेला, अंगाला अत्तर, निरोप द्यायला घरची सगळी मंडळी. दुसऱ्या दिवशी तो पेटीसकट परत. एजंटचं ऑफिस बंद, व्हिसा खोटा. मला म्हणाला, "चाचा, ही पेटी तुमच्या केबिनमध्ये ठेवू का? अम्मीनं सुकट भरलंय. घरी कसा नेऊ?" मी विचारलं, "अरे, एजंटला पैसे देण्याआधी तिकडे नोकरी करणाऱ्या कुणाला विचारलं नाहीस? तुझ्या गल्लीत निम्मे लोक तिकडचे." तो म्हणाला, "एजंट बोलला, एकच जागा हाय, कुणाला सांगू नको." ज्या गल्लीत त्याला वाचवणारी माणसं दारोदार होती, तिथेच तो गप्प बसला. पुढे त्याचे वडील येऊन पेटी घेऊन गेले. मला सलाम केला, बोलले काही नाहीत. मीही काही बोललो नाही. बोलायला हवं होतं असं आता वाटतं.

आता मी निवृत्त आहे. गाड्या बदलल्या, ठगांनी फोन घेतले, पण पिशवी तीच. गेल्या महिन्यात आमच्या सौ. सकाळपासून अस्वस्थ. "अहो, कुणाचे तरी पैसे चुकून आपल्या खात्यात आलेत. मेसेज आलाय. तो मुलगा फोनवर रडतोय, आईच्या औषधाचे आहेत म्हणतो. परत करून टाकते." तिच्या तोंडावर अगदी हौसाकाकीची काळजी. परक्याची वस्तू आपल्याजवळ राहिल्याची. मी म्हटलं, "थांब. ही पिशवी आहे." तिला काही कळेना. बँकेत जाऊन विचारलं, तर खात्यात एक पैसाही आला नव्हता. नुसताच मेसेज, पेढ्यांच्या बॉक्समधल्या वाळूसारखा. आणि खरंच आले असते, तरी परत करायचं काम बँकेचं. फोनवरच्या रडणाऱ्या मुलाला आपण हाताने द्यायचे नाहीत. सौ. म्हणाली, "पण खरंच कुणाचे असते तर?" एवढं सगळं होऊनही तिला तेच वाटत होतं. मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं.

ठग आपली हाव धरतात असं लोक म्हणतात. काही धरत असतील. मी पाहिलेल्या बहुतेकांनी आपला चांगुलपणा धरला. म्हणून फसलेल्या माणसाला 'एवढंही कळलं नाही?' असं विचारणाऱ्यांचा मला संताप येतो. त्याला आधी खाली बसवा, पाणी द्या. चौकीवर किंवा बँकेत घेऊन जा, आजच्या आज. आणि घरी जाताना शक्य असेल तर बरोबर जा.

माळ गेल्यानंतर काकी मला एकदाच भेटली, मी नोकरीत असतानाच, रोह्याच्या स्टँडवर. बाजार करून खांबला परत निघालेली. खूप थकली होती, हातात काठी. कोलाडमार्गे जाणारी गाडी फलाटाला लागलेली. काकी चढायला उठणार तोच एक बाई आली. कडेवर रडणारं पोर, हातात भली मोठी पिशवी.

"आजी, जरा पिशवी बघा हं. पोराला पाणी पाजून आलेच."

मी खिडकीतून बघत होतो.  काकीने पिशवीकडे बघितलं, बाईकडे बघितलं, पोराकडे बघितलं. मग सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"ए कंट्रोलर! ही हिची पिशवी हाय रे. मी पिशवीकडं बघते, तू माझ्याकडं बघ!"

आणि पिशवी मांडीवर घेऊन ती परत बाकावर बसली.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. गाडीची वेळ झाली होती. मी हाताने त्याला थांबायची खूण केली आणि ती बाई पोराला घेऊन परत येईपर्यंत गाडी सोडली नाही. आत बसलेले लोक मला शिव्या देत होते. देऊ देत.